लाल पाण्याचा हौद

लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि आमचे हे पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागून वर्ष व्हायला आलं होतं. कारखान्यात विमानांचे भाग दुरुस्त होतात, एवढंच आम्हाला ठाऊक. तिथं हे नेमकं काय करतात, ते यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "कागदावर सही घेतलीया. आत काय चालतं ते भाईर बोलायचं न्हाई."

थोरल्या दिरांना त्याचं केवढं कौतुक! कानंदीच्या खोऱ्यातला माणूस लढाईच्या कारखान्यात सही करून लागतो, म्हणजे काहीतरी मोठंच असणार. मला मात्र ती सही पहिल्यापासून खटकत होती. बायकोपाशीसुद्धा बोलता येत नाही असं काम कसलं? एखादा माणूस काही सांगत नाही म्हटल्यावर मन आपोआप वाईटच धरून बसतं. माझं तरी तसंच होतं.

माझं माहेर उत्रोलीचं, भोरच्या अगदी शेजारचं. भोरात मुलींची शाळा होती म्हणून मी चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन आले ती वेल्ह्याच्या पलीकडं, डोंगराच्या कडेच्या एका वाडीत. दहा-बारा घरं, सगळी भातशेती करणारी. आमच्या घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, आम्ही दोघं आणि आमची तीन वर्षांची मुलगी.

त्या साली भाताची कापणी उरकत आली तेव्हा हे पंधरा दिवसांची रजा घेऊन आले. येताना पुण्याच्या जुन्या बाजारातून एक ताटली आणि एक पेला आणला होता. दोन्ही जर्मनचे. अॅल्युमिनियमला आमच्याकडं तेव्हा जर्मन म्हणायचे, अजूनही म्हणतात. सासूबाईंनी ताटली हातात घेतली, वजन करून पाहिली आणि जाऊबाईंकडं दिली.

"लई हलकी हाय," त्या म्हणाल्या. "असल्या भांड्यात जेवून अंगात जोर कसा ऱ्हाईल?"

"कल्हईवाला सांगत हुता," जाऊबाई म्हणाल्या, "जर्मनमधी आंबट ठिवलं की त्याचं इख व्हतं."

भोरहून दरवर्षी येणारा कल्हईवाला हे वाडीवाडीतून सांगत फिरायचा. पितळेला कल्हई करण्यावर ज्याचं पोट, तो जर्मनविषयी चांगलं कशाला बोलेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. ताटली आणि पेला फळीवर गेले.

जेवायच्या आधी मी यांच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन गेले. यांनी डावाच हात पुढं केला. उजवा कोपरीच्या खिशात.

"त्यो हात?"

"धुतलाय मगाशी."

धुतलेला नव्हता. मी तांब्या धरून तशीच उभी राहिले, तेव्हा यांनी नाइलाजानं हात बाहेर काढला. बोटांच्या पेरांवर आणि मनगटाच्या वर तीन-चार गोल भोकं होती. जखम म्हणावी तर रक्त नाही, पू नाही. हरभऱ्याएवढी गोल, कडा वर आलेल्या आणि मध्ये काळी खपली. सुतारानं सामता फिरवून पाडावीत तशी. नखं पिवळी पडली होती.

"काय झालं हे?"

"कामात लागलंय."

"दुखतंय?"

"न्हाई," हे म्हणाले आणि जेवायला बसले.

दुखतंय म्हणाले असते तर मी तेल-हळद लावून गप्प बसले असते. त्या 'न्हाई'नं मी घाबरले. आमच्या वाडीच्या वर धनगरांची वस्ती आहे. तिथल्या एका माणसाला रगतपिती, म्हणजे महारोग झाला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो ओढ्यापलीकडच्या खोपटात एकटा राहायचा आणि त्याची माणसं दगडावर भाकरी ठेवून मागं फिरायची. त्याच्या बोटांना जखमा असायच्या. सासूबाईंनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "त्याला चटका बसला तरी कळत न्हाई. त्योच त्या रोगाचा गुण. दुखत न्हाई तिथंच भ्यायचं."

मी कुणाला काही बोलले नाही. फक्त बघत राहिले. हे भाकरी कशी मोडतात, विडी पेटवताना काडी बोटापर्यंत येऊ देतात का, चुलीपाशी हात किती जवळ नेतात. दिवसभर माझे डोळे यांच्या हातावर. मुलीला मी शिकवलं, "बाबांच्या हाताला बाऊ झालाय, शिवायचं न्हाई." पोरगी शहाणी. दुसऱ्या दिवसापासून हे बोलवायला लागले की ती माझ्या लुगड्यामागं जाऊन उभी राहायची. यांनी दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा बोलावलं नाही.

तिसऱ्या दुपारी जेवण करून हे पडवीत आडवे झाले होते. घरात कुणी नव्हतं. मी कुंपणातला करवंदीचा एक काटा मोडून आणला होता. यांच्या शेजारी बसले, उजवा हात उचलून मांडीवर घेतला. श्वास संथ चालला होता. मी काट्याचं टोक एका भोकातल्या काळ्या खपलीवर टेकवलं आणि दाबलं. काटा आत गेला. हात हलला नाही. बोटसुद्धा नाही.

काटा मी पुन्हा कुंपणात टाकला आणि गोठ्यात जाऊन बसले. रडू आलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं, हे आता कुणाला कळता कामा नये.

पण कळलंच. दुसऱ्या सकाळी तोंड धुताना यांच्या नाकातून रक्त आलं. थोडं थोडकं नाही, आणि त्याबरोबर कसली तरी वाळकी खपली पडली. सासूबाई शेणाची पाटी घेऊन समोरून येत होत्या. त्यांनी पाटी खाली ठेवली, नाक पाहिलं, हात पाहिला. "कवापासनं हाय?" एवढंच विचारलं.

"दोन-तीन म्हयनं झालं," हे म्हणाले.

सासूबाई मागं सरकल्या. आपल्याच लेकापासून चार पावलं मागं सरकल्या, ते मी पाहिलं.

त्या दुपारी जाऊबाईंनी फळीवरची जर्मनची ताटली आणि पेला काढला आणि यांचं जेवण त्यात वाढलं. आमच्या पितळ्या नेहमीच्या जागी, ती ताटली मात्र उंबऱ्याच्या अलीकडं, एकटी. यांनी ताटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही. हे जेवले, ताटली स्वतःच नेऊन घासली आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवली.

वाडीत बातमी कशी गेली कोण जाणे. भाताच्या झोडणीला आमच्याकडं सावडीनं जायची रीत. आज तुमच्या खळ्यावर सगळे, उद्या आमच्या. आमची पाळी आली त्या दिवशी खळ्यावर आम्हीच. शेजारचा म्हातारा तेवढा बांधावर येऊन उभा राहिला आणि दिरांना म्हणाला, "पोरांची पोटं बिघडल्यात. आज जमायचं न्हाई."

"सगळ्यांचीच?" दिरांनी विचारलं.

म्हातारा वळला आणि बांधावरून निघून गेला.

संध्याकाळी दीर यांच्यासमोर येऊन बसले. दोघं भाऊ एकमेकांशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, त्या दिवशीही नाही. "तू उद्या सकाळीच नीघ," दीर म्हणाले. "ऱ्हायल्याली रजा तिकडंच काढ. हिला अन् पोरीला हितं ऱ्हाऊ दे. मी सांभाळतो."

"तुमास्नी काय वाटतं, मला काय झालंय?"

"मला काय बी वाटत न्हाई. वाडीला वाटतंय."

"दादा, कामात हुतं हे. तिथं समद्यांस्नी—" हे बोलता बोलता थांबले.

"समद्यांस्नी काय?"

"बोलायचं न्हाई आमास्नी."

दिरांनी मान खाली घातली. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, बोलायचं नाही म्हणून नाही, सांगण्यासारखं काही नाही म्हणून गप्प आहेत. इतकी मी त्यांच्याविरुद्ध गेले होते. तरी तोंडातून निघालं ते वेगळंच. "मी बी यांच्यासंगं जाते," मी म्हणाले. "म्हायारला जाऊन लई दिस झालं."

"पोरीला नगंस नेऊ," जाऊबाई आतून म्हणाल्या.

मी नेलं नाही. सासूबाईंच्या कडेवर देऊन निघाले. पोरगी रडली ती माझ्यासाठी.

वेल्ह्यापर्यंत चालत आणि तिथून भाताच्या एका गाडीत बसून आम्ही नसरापूरला आलो. गाडीत पोत्यांच्या या टोकाला मी, त्या टोकाला हे. गाडीवान म्हणाला, "भांडून चाललाय जनू." आम्ही दोघंही उगाच हसलो. नसरापूरला मोटार मिळाली. पेट्रोल मिळेना म्हणून तेव्हा मोटारींना मागं कोळशाची भट्टी बसवलेली असायची. चढ आला की सगळ्यांनी उतरून चालायचं. भोर येईपर्यंत आम्ही चार वेळा उतरलो आणि चारही वेळा हे माझ्या मागं दहा पावलं चालले. मी म्हटलं नव्हतं तसं चालायला.

मी उत्रोलीला गेलेच नाही. भोरच्या बाजारात माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, वयस्कर, शांत. त्यांच्याकडं यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी हात उजेडात धरला. कोंबडीचं पीस घेऊन डोळे मिटायला सांगितलं आणि पीस कुठं लागतंय ते विचारत गेले. मग टाचणी. मग गरम पाण्याची आणि गार पाण्याची अशा दोन काचेच्या नळ्या. यांनी सगळं बरोबर सांगितलं. मग डॉक्टरांनी कानाच्या पाळ्या चाचपल्या, कोपराच्या शिरा चाचपल्या.

"महारोगाचं लक्षण मला दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"पण त्यांस्नी कळत न्हाई," मी एकदम बोलले. "मी टोचून बघितलंय. काट्यानं. त्यांनी हात हलवला न्हाई."

हे माझ्याकडं वळले. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठं टोचलंत?"

मी खपली दाखवली.

"ही मेलेली आहे, बाई. हिला कसं कळेल? नखाला टोचलं तर कळतं का?" मग यांना विचारलं, "कशात हात घालता तुम्ही?"

यांनी हात मागं घेतला.

"कामाला कुठं आहात?"

"पुण्याकडं. कारखान्यात."

"काय करता?"

हे दाराकडं बघायला लागले. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले आणि त्यांचा आवाज बदलला. "हे बघा, चोरून काही गाळत असाल, खोटी नाणी करत असाल, तर मला त्यात पडायचं नाही. पण औषध देण्याआधी मला कळायला हवं."

"सांगा की!" मी ओरडले. "तुमच्या आईनं तुमची ताटली येगळी काढली! आता कुणासाठी गप ऱ्हाताय?"

यांनी घसा साफ केला. मग अगदी खालच्या आवाजात सांगितलं. असं सलग इतकं बोलताना मी यांना क्वचितच ऐकलंय.

"विमान जर्मनचं असतं. पन नुसतं जर्मन मऊ. म्हनून त्यात थोडं तांबं घालत्यात, मग ते लोखंडावानी टनक व्हतं. पन तांबं घातलं की त्याला खारी हवा सोसत न्हाई. समुद्रावरनं विमान गेलं की पांढरी बुरशी धरती, भाकरीवानी पापुद्रं सुटत्यात. तर आमी काय करतो, एक हौद हाय लाल पान्याचा. त्यात त्यो भाग तारंला टांगून सोडायचा अन् इजेचा करंट सोडायचा, हळूहळू वाढवत. तासाभरानं काढला की राखाडी झाल्याला असतो. त्याच्या अंगचंच कातडं जाड झाल्यालं असतं. रंग न्हवं, मुलामा न्हवं. नखानं खरवडा, निघत न्हाई. मग मिठाच्या पान्यात ठिवला तरी कायबी व्हत न्हाई त्याला."

"आणि त्या हौदात हात घालता?"

"घालाय नगो. रबराचे हातमोजे हायती. पन फाटल्यात. भाग निसटून खाली पडला की काढावाच लागतो. करंट चालू असताना वर धुकं येतं बारीक, पिवळं. त्यानं शिंका येत्यात."

डॉक्टर उठले. कपाळाला आरसा बांधून त्यांनी यांच्या नाकात पाहिलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या. बराच वेळ पाहिलं. "नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय," ते म्हणाले. "ह्या नाकपुडीतला उजेड त्या नाकपुडीत दिसतोय. हातावर झालंय तेच नाकात झालंय. हे तेजाबाचं काम आहे. हातावरचं भरून येईल, हात त्यात घातला नाही तर. नाकाचं तेवढं भरून येणार नाही."

मलम दिलं, नाकात लावायला व्हॅसलिन दिलं. मी वाडीत दाखवायला चिठ्ठी मागितली, तीही लिहून दिली. महारोग नाही, कामामुळं झालेले व्रण आहेत, खाली सही.

बाहेर पडलो. नदीच्या पुलापाशी आल्यावर हे थांबले.

"काट्यानं टोचलंस तवा मी जागाच हुतो," हे म्हणाले.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. "मग बोलला का न्हाई?"

"मलाबी बघायचं हुतं, कळतंय का." मग म्हणाले, "हौदावर दुसऱ्यांस्नी बी हाय म्हनून मनाला समजावत हुतो. काटा कळला न्हाई, तवा मला वाटलं आता झालं. सही केलीया म्हनून मी गप हुतोच. पन मला बी तेच वाटत हुतं, जे तुला वाटत हुतं. ते कसं सांगायचं?"

दोघंही तीन दिवस एकाच घरात, एकाच भीतीनं, एकमेकांपासून लपून राहिलो होतो. मी यांचा उजवा हात धरला. बाजाराचा दिवस होता, माणसं बघत होती, तरी धरला.

पण खोटं कशाला सांगू, नसरापूरची मोटार येईपर्यंत माझा संशय परत आला. डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे. ओळखीच्या माणसाच्या लेकीला कोण तोंडावर सांगेल, तुझ्या नवऱ्याला महारोग आहे म्हणून? चिठ्ठी काय, चांगुलपणानंही लिहून देतात. मी यांना म्हटलं, "मी वाडीला जात न्हाई. तुमच्यासंगं पुन्याला येते. मला तुमच्या कारखान्यातली दुसरी मानसं बघायचीत."

"आत सोडत न्हाईत."

"आत कशाला? ती भाईर येतीलच की."

कारखान्याजवळच्या चाळीत हे दोघा जणांबरोबर एका खोलीत राहायचे. शेजारच्या खोलीत एक कोकणातली बाई होती, तिनं मला आपल्याकडं झोपायला जागा दिली. तिचा नवराही त्याच कारखान्यात. बाई बोलकी, पण मी आल्यापासून तिचं सारखं यांच्या हाताकडं लक्ष. मला ते कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आम्ही दोघीच होतो. तिनं घागर नळाखाली लावली आणि पाण्याच्या आवाजात मला विचारलं,

"तुमचे मालक लाल हौदावरच आहेत ना?"

मी मान हलवली.

"त्यांच्या नाकातनं रक्त येतं?"

मी तिच्याकडं पाहिलं. माझाच चेहरा मी आरशात पाहावा तसा तिचा होता. तशीच काळी पडलेली, तशीच न झोपलेली.

"तुमच्या बी?" मी विचारलं.

ती नळाच्या कट्ट्यावर मटकन बसली. "तीन महिने झाले," ती म्हणाली. "मी त्यांचं अंथरूण वेगळं केलं. देवळात नवस बोलले. गावाला कळवलं नाही. मला वाटलं, आमच्याच घरात आलंय." आणि ती रडायला लागली. घागर भरून वाहत होती, आमच्या दोघींचंही तिकडं लक्ष नव्हतं.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर तिनं मला फाटकाबाहेर उभं केलं आणि हौदावरची माणसं दाखवली. सहा जण होते. मी निर्लज्जासारखी प्रत्येकाचे हात पाहिले. सहाच्या सहांना तीच भोकं. सहा वेगळ्या गावांची, वेगळ्या जातींची माणसं, आणि सगळ्यांच्या पेरांवर सारखीच गोल भोकं. डॉक्टरांच्या चिठ्ठीनं पटलं नव्हतं ते तेव्हा पटलं.

मग मात्र मला राग आला. चाळीत हौदावरच्यांच्या आणखी दोन बायका होत्या. चौघी मिळून आम्ही एका सकाळी कारखान्याच्या फाटकावर गेलो आणि तिथल्या मुकादमाला भेटायचं म्हणून बसून राहिलो. तासाभरानं तो आला. मराठीच माणूस, पण लढाईचे दिवस, जिकडंतिकडं धरपकड चाललेली. चार बायका एकत्र बघून त्याचा चेहरा आवळला.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई."

"संपाचं कुणी शिकवलंय?"

"हातमोजे फाटल्यात," मी म्हटलं. "नवे पायजेत. अन् हौदाच्या वर धूर ओढून न्यायची कायतरी सोय पायजे."

"आत काय आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्या कागदावरची सही मला आठवली. यांचं नाव निघालं तर काय होईल, तेही आठवलं. "सांगाय कशाला पायजे?" मी म्हटलं. "हात दिसत्यात की. आमच्याच घरात जेवत्यात ती मानसं."

त्यानं वहीत आमच्या चौघींच्या खोल्यांचे आकडे लिहून घेतले आणि जायला सांगितलं. पुढचे आठ-दहा दिवस दारावर कुणी थाप मारली की आम्ही चौघी दचकायचो. कोकणातल्या बाईनं तर ट्रंक भरून ठेवली होती. पोलीस आले नाहीत. नवे हातमोजे आले, कोपरापर्यंतचे. हौदाच्या कडेला पत्र्याचं धुराडं बसलं, तेही यांनी मला हळूच सांगितलं. आणि यांना हौदावरून काढून पारखीच्या कामावर टाकलं. कातडं चढवलेले तुकडे मिठाच्या फवाऱ्यात ठेवायचे, रोज बघायचे आणि पांढरा ठिपका दिसला की बाजूला काढायचे. शिक्षा म्हणून हलवलं की दया म्हणून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं, मुकादमाला यांच्यावर संशय होताच.

हात भरून यायला दोन महिने लागले. भोकांच्या जागी पांढरे खळगे राहिले. तोवर मी चाळीतच राहिले, पोरगी सासूबाईंपाशी; शिमग्याला आम्ही वाडीला गेलो. दिरांनी डॉक्टरांची चिठ्ठी पाटलांकडं नेली आणि पाटलांनी ती चावडीत चार माणसांना वाचून दाखवली. सासूबाईंनी चिठ्ठीकडं पाहिलंही नाही. त्यांनी यांचे दोन्ही हात ओढून उन्हात धरले, उलटसुलट केले, एकेक खळगा अंगठ्यानं दाबला. "दुखतंय?" असं प्रत्येक खळग्याला विचारलं. यांना दुखत नव्हतं, पण शहाणा माणूस, प्रत्येक वेळी "व्हय" म्हणाले. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पोरगी मात्र यांच्याजवळ जाईना. मी शिकवलं ते मला पुसता येईना. "बाऊ गेला," म्हटलं तर ती माझ्या तोंडाकडं बघायची, आता कुठलं खरं धरू, असं. यांनी भंगारातल्या राखाडी पत्र्याची एक गोल चकती आणली होती, तिला दोन भोकं पाडून दोरा ओवला आणि भिंगरी केली. अंगणात बसून एकटेच फिरवत राहिले. तिसऱ्या दिवशी ती गेली, भिंगरी हातातून घेतली आणि पळाली. चौथ्या दिवशी दोरा तुटला म्हणून स्वतःच यांच्या मांडीवर जाऊन बसली.

"चकती इचारून आणलीया न्हवं?" मी यांना विचारलं.

"व्हय गं बाई, इचारून."

लढाई संपली तसा तो हौद बंद पडला आणि हे घरी आले ते शेतीला लागले. नाकातलं भोक राहिलं ते राहिलंच. झोपेत श्वासाची बारीक शीळ वाजायची, माझी झोप तिच्यावरच लागायची. वाडीतली माणसं सावडीला यायला लागली होती. जाऊबाई तेवढ्या बदलल्या नव्हत्या. तोंडानं चांगलं बोलायच्या, पण यांनी पाणी प्यायलेला तांब्या त्या आधी विसळून मगच हातात घ्यायच्या. मी बघायची आणि गप्प बसायची. माझी बोलायची लायकी कुठं होती?

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात लावणी चालू होती. जाऊबाईंना लग्नानंतर फार वर्षांनी मुलगा झाला होता, चार-पाच महिन्यांचा. बांधावर इरल्याखाली त्याला ठेवलं होतं. पाऊस वाढला, चिखलातून रोपांच्या मुठी उचलून द्यायला माणूस कमी पडलं आणि पोरानं एकच आकांत मांडला. जाऊबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. मी लांबच्या खाचरात होते. सर्वांत जवळ हे. जाऊबाईंनी मूल उचललं आणि यांच्यापुढं धरलं.

यांचे हात चिखलानं माखले होते. यांनी ते घाईनं पाण्यात बुचकळले, कोपरीला पुसले, तरी घेईनात. माझ्याकडं पाहिलं, लांबून, घेऊ का म्हणून.

"धरा की भावजी," जाऊबाई खेकसल्या. "भिजतंय ते."